सहाध्यायांचे साहाय्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने मंदिराच्या इतिहासावर चार शब्द बोलावे, अशी रीत आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतक्या उत्तम रीतीने केले आहे की, त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नाही. तेव्हा तुमच्या परवानगीने मी एका लहानशा विषयाकडे वळतो. विषय लहान असला तरी गेले काही दिवस त्याने आपल्या धर्मग्रामात बरीच कुजबूज चालविली आहे.

आपल्या सभागृहाच्या मागल्या खोलीत सायंकाळी मुले जोडीजोडीने अभ्यासास बसतात, हे तुम्ही पाहतच असाल. ज्यास इंग्रजी येते तो, ज्यास ते अद्याप येत नाही त्याच्याशेजारी बसतो व धडा समजावून देतो. ही प्रथा मी सुरू केलेली नाही. ती मुलांनी आपल्या आपण सुरू केली. मी केवळ दिव्याची आणि पंख्याची व्यवस्था केली, व कधीकधी दारातून डोकावून पाहिले. परवा काही पालकांचे एक विनंतिपत्र माझ्या हाती आले. पत्राची भाषा सभ्य आहे आणि सह्या स्पष्ट आहेत, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. निनावी चिठ्ठीपेक्षा ते कितीतरी बरे. पत्रातील तक्रार अशी: आमची मुले दहावीच्या उंबरठ्यावर आहेत, दुसऱ्यांच्या मुलांस शिकविण्यात त्यांचा वेळ जातो, शिवाय त्या मुलांच्या संगतीने आमच्या मुलांचे चांगले इंग्रजी बिघडते, सबब हा प्रकार बंद करावा.

पत्रास पत्रानेच उत्तर द्यावे, असा माझा प्रथम विचार होता. परंतु ज्यांनी सही केली नाही त्यांच्याही मनात हीच शंका असेल, आणि ज्यांची मुले त्या खोलीत शिकावयास येतात त्या आईबापांच्या कानांवर हे शब्द गेलेच आहेत. त्यांतील एका मातेने दुसऱ्या दिवसापासून आपल्या मुलास पाठविणे बंद केले. तेव्हा या गोष्टीचा उलगडा उघड सभेतच व्हावा हे बरे.

प्रथम हे सांगतो की, विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकवावे ही कल्पना कोणा नव्या शिक्षणशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेली नाही. इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन गृहस्थ, पवित्र भूमीची यात्रा करून आलेला, होन्नावरहून इक्केरीकडे चालला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्यास चार मुलगे अंकगणित शिकत असलेले दिसले. जमिनीवर बारीक वाळू पसरली होती. एक जण पाठाची ओळ सुरावर म्हणे व बोटाने वाळूत लिही, आणि इतर तिघे तेच म्हणत व तेच लिहीत. वाळू भरली की हात फिरवून पुसावी आणि पुन्हा लिहावे. जवळ पंतोजी कोणी नव्हता. प्रवाशाने विचारले, तुम्ही सारेच शिष्य, मग तुमच्यापैकी कोणी चुकला किंवा विसरला तर त्यास सुधारणार कोण? मुलांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, चौघेही एकाच ठिकाणी एकदम चुकतील हे संभवत नाही. एक चुकला तर बाकीचे सांगतील, म्हणूनच तर आम्ही एकत्र बसतो. चारशे वर्षे होऊन गेली. या उत्तरापेक्षा अधिक समर्पक उत्तर मी अद्याप ऐकलेले नाही. आपल्या महाराष्ट्रातही धूळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या मुलांस वडील मुलगा वळण दाखवी, आणि तिन्हीसांजेला परवचा म्हणताना एकाने सांगावे व बाकीच्यांनी म्हणावे, ही चाल आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली होती.

याच धुळीतून पुढे एक जगप्रसिद्ध पद्धत निघाली. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासेत सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढीत आहेत हे त्यांनी पाहिले व तीच रीत आपल्या आश्रमात आणावयाचे ठरविले. पगारी शिक्षकाने ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेलसाहेबांनी आठ वर्षांच्या एका शिपायाच्या मुलास लहान वर्गावर नेमले, आणि शिक्षकास जे साधले नाही ते त्या मुलाने साधून दाखविले. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक छापले. तिकडे जोसेफ लँकास्टर यांनीही जवळजवळ तशीच पद्धत चालविली होती. दोघांच्या अनुयायांत कोणाची पद्धत मूळची यावरून कडाक्याचे भांडण झाले. ओसरीतल्या त्या चार मुलांची आठवण मात्र त्या भांडणात कोणास झाली नाही.

हिंदुस्थानातून विलायतेस गेलेली ही वस्तू मग विलायती शिक्का मारून मुंबईस परत आली. १८१५ साली आर्चडीकन बार्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत गरिबांच्या शिक्षणासाठी मंडळी स्थापन झाली. तिच्या शाळेत बेलची पद्धत होती. १८१८ च्या सुमारास या मंडळीने फोर्ट, गिरगाव व माझगाव येथे देशी मुलांसाठी शाळा उघडल्या. पुढे १८२२ मध्ये देशी मुलांच्या शिक्षणाकरिता निराळी मंडळी निघाली, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. बापू छत्रे तिचे देशी चिटणीस होते. बाळशास्त्री जांभेकर तिच्याच छत्राखाली इंग्रजी शिकले. पुस्तके नाहीत, सोपी पद्धत नाही, शिकलेले शिक्षक नाहीत व पैसा नाही, अशी चार दुखणी या मंडळीच्या समितीने नमूद केली, आणि औषध म्हणून लँकास्टरच्या पद्धतीची शिफारस केली.

हे औषध लागू पडले काय? थोडेसे पडले. परंतु एकूण पाहता ही पद्धत टिकली नाही, आणि का टिकली नाही हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. कारण विनंतिपत्रातील तक्रारीत जो सत्याचा अंश आहे तो येथेच आहे. एका शिक्षकाने शेकडो मुले सांभाळावी, बाकीचे काम मोठ्या मुलांकडून फुकट करून घ्यावे, अशी काटकसर तिच्या पोटात होती. मोठा मुलगा तेथे मित्र नव्हता. तो लहानसा हवालदार होता. त्याने हुकूम सोडावा, रांगेने घोकावे, घंटा वाजावी. ज्याचा अर्थ त्या हवालदारासही ठाऊक नसे ते शिपायास कोठून समजणार? शिक्षकाचा पगार वाचविण्यासाठी मुलांस राबविणे ही गोष्ट निराळी, आणि शिक्षक आपले काम करून घरी गेल्यावर मुलाने मुलास हात देणे ही गोष्ट निराळी. आपल्या खोलीत पहिली गोष्ट होऊ लागली, तर ती बंद करण्यास तुमच्या विनंतिपत्राची मी वाट पाहणार नाही.

आपल्या परंपरेत या प्रथेस जागा आहे, हेही सांगितले पाहिजे. येशूसंघीयांचा १५९९ चा जो प्रसिद्ध शिक्षणक्रम आहे, त्यात दहा-दहा विद्यार्थ्यांमागे त्यांच्यातलाच एक नेमून त्याने इतरांचे पाठांतर ऐकावे, असा नियम आहे. त्याला रोमन सैन्यातील शब्द घेऊन डेक्युरियन म्हणत. त्याच्याही आधी संत फ्रान्सिस झेवियर दक्षिणेच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्यांत फिरत असता, आपण शिकविलेल्या प्रार्थना मुलांनी घरी जाऊन आईबापांस, भावंडांस व शेजाऱ्यांस शिकवाव्या असे सांगत. १५४४ च्या आपल्या पत्रात त्यांनी हे लिहिले आहे. त्या प्रांताची भाषा संतांस फारच थोडी येत होती. ज्यांस ती येत होती त्या मुलांवर त्यांनी भिस्त ठेवली.

आता आपल्या शेजारचेच एक उदाहरण देतो. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी एक सभा स्थापन केली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी हे तिचे नाव. दादाभाई नौरोजी तिच्या पुढाऱ्यांत होते. ही सारी मंडळी इंग्रजीत तरबेज. इंग्रजीत निबंध वाचावेत, टाळ्या घ्याव्यात व सरकारी नोकरी मिळवावी, एवढ्यावर त्यांस थांबता आले असते. परंतु १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. आपल्या कामाची वेळ होण्याआधी सकाळी हे तरुण विनावेतन शिकवीत. घरोघर जाऊन, आपल्या ओटीवर मुलींस शिकवू द्या, अशी विनवणी करावी, आणि काही ठिकाणी बापाने जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी द्यावी, असेही प्रसंग आल्याचे दादाभाईंनी पुढे सांगितले आहे. नाना शंकरशेटांनी गिरगावात आपली जागा मुलींच्या शाळेस दिली. जे ज्ञान त्यांस इंग्रजीतून मिळाले होते ते त्यांनी मराठीत व गुजरातीत वाटले. इंग्रजी येते म्हणून घरच्या भाषेस तुच्छ मानले नाही. आपले पालक जेव्हा मुलांचे इंग्रजी बिघडेल म्हणून चिंता करतात, तेव्हा मला या मंडळींची आठवण होते. मराठी मुलींस शिकवून त्यांचे इंग्रजी बिघडले, अशी तक्रार इतिहासात कोठे नाही.

असो. इतिहास पुष्कळ झाला. आता परळ-लालबागेत येऊ.

आपल्या धर्मग्रामातील जुनी घराणी कोणी वसईची, कोणी रायगडकडची, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातील, तेव्हाच्या अहमदनगरच्या मिशनमधून आलेली. त्यांपैकी पुष्कळांच्या घरी गिरणीचा भोंगा हेच घड्याळ होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार घरी बसले, आणि त्यांपैकी असंख्य पुन्हा कधीच कामावर गेले नाहीत. मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो. त्या संपाने आपल्या लोकांस जे अनेक धडे दिले, त्यांतील एक असा की, हातातला साचा जातो, परंतु डोक्यातले इंग्रजी कोणास काढून घेता येत नाही. मला हा धडा सर्वस्वी खरा वाटत नाही. पण ज्याच्या घरी चूल थंड पडली त्याच्याशी वाद कोण घालणार? तेव्हापासून आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांस इंग्रजी शाळेत घालू लागले. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग निघाले. परिणाम असा झाला की, ज्याच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कोणी उच्चारत नाही असे मूल आज इंग्रजी पुस्तक घेऊन बसते, आणि शेजारच्या बाकावर असते ते ज्याच्या घरी रोझरीही इंग्रजीत होते असे मूल. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे जे बंधन खासगी शाळांवर घातले, त्यातून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस वगळले. कायदा आपल्यावर सक्ती करीत नसेल, तर आपण जे करू ते आपल्याच मनाने करू. आणि मन पाहण्याची तीच तर वेळ असते.

अशा मुलाची अडचण नेमकी काय असते? वडील माणसांस ती सहसा दिसत नाही. मुलास शब्द येत नाहीत, असे आपण म्हणतो. शब्द तर कोशात मिळतात. अडचण असते ती वाक्याच्या सांध्यांत.

आपण ‘टेबलावर’ म्हणतो. ‘वर’ हा शब्द नामाच्या मागून येऊन त्यास चिकटतो. इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो आणि सुटा राहतो. शिक्षक हे व्याकरणाच्या परिभाषेत सांगतात, व ते बरोबरच सांगतात. परंतु एके दिवशी मी दारात उभा असता सातवीतली एक मुलगी आपल्या मैत्रिणीस सांगत होती, “अगं, आपण शब्दाला शेपूट लावतो, ते शब्दाला टोपी घालतात.” त्या मैत्रिणीने त्यानंतर ‘टेबल ऑन’ असे लिहिल्याचे मी पाहिले नाही. प्रश्नार्थक वाक्यात जो ‘डू’ येतो त्याचा अर्थ काय, हे विचारून मुले शिक्षकांस बेजार करतात. कारण त्या ‘डू’ला तेथे अर्थच नाही. एका मुलाने त्याची फोड अशी केली: “‘तू खेळतोस का?’ यातला ‘का’ उचल, पुढे आणून ठेव, तोच त्यांचा ‘डू’.” मी सेमिनरीत लॅटिन शिकलो, त्या भाषेचे व्याकरण तोंडपाठ केले, परंतु ही युक्ती मला सुचली नसती. ज्याने तो खड्डा गेल्याच वर्षी ओलांडला त्यास तो कोठे आहे हे आठवते. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी ओलांडला त्यास वाट सपाट वाटते.

आणखी पाहा. मराठीत खुर्ची ती, दरवाजा तो आणि टेबल ते. त्यामुळे मोडक्या खुर्चीविषयी मूल ‘शी इज ब्रोकन’ लिहिते आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांस हे ठाऊक नसते की, त्या मुलाने चूक केली ती आपल्या भाषेचा नियम चोख पाळून केली. ‘व’ तर आपल्याकडे एकच; इंग्रजीत दोन आहेत, एक दात ओठांस लावून व दुसरा ओठांचा चंबू करून म्हणावयाचा. पश्चिम दिशा आणि अंगातली बंडी हे दोन इंग्रजी शब्द आपण देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘वेस्ट’ होऊ शकतात! हे पुस्तकातून शिकताच येत नाही. समोर कोणाचे तरी तोंड पाहावे लागते, आणि शिक्षकाच्या तोंडाकडे टक लावून पाहण्याचे धैर्य कोणत्या मुलास असते? मित्राच्या तोंडाकडे मात्र पाहता येते, व हसताही येते.

एक गोष्ट मला विशेष वाटली. गावाकडून नुकताच आलेला एक मुलगा वर्गात शिक्षकांशी इंग्रजीत बोलेचना. सर्वांनी त्यास मंद ठरविले. त्याच्या जोडीदाराने कारण काढले. मुलाच्या समजुतीप्रमाणे ‘यू’ म्हणजे ‘तू’. आणि गुरुजींस ‘तू’ म्हणावयाचे कसे? म्हणून तो गप्प बसत असे. जोडीदाराने सांगितले, “अरे, ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’सुद्धा, देवालाही ‘यू’च म्हणतात, आणि प्रिन्सिपल सरांनाही.” त्या दिवसापासून त्याची वाचा फुटली. मंदपणा नव्हे, ती घरची मर्यादा होती. वर्गातल्या इतक्या मुलांत एका शिक्षकास हे उमगले नाही, म्हणून मी त्यास दोष देत नाही. परंतु शेजारी बसलेल्यास ते उमगले. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप आणि हबशी अधिकारी यांची कथा आहे ना? तो अधिकारी ग्रंथ वाचीत होता, पण अर्थ लागत नव्हता. फिलिपाने रस्त्यावरून प्रवचन केले नाही, तो रथात चढून त्याच्याशेजारी बसला.

आता विनंतिपत्रातील मुद्द्यांकडे वळतो.

वेळ जातो, हे खरे आहे. परंतु तो वाया जातो काय? दुसऱ्यास समजावून सांगण्यास बसले म्हणजे आपल्यास काय समजले नाही ते प्रथम कळते. नामापूर्वी ‘अ’ केव्हा, ‘द’ केव्हा आणि काहीच नको ते केव्हा, हे घरी इंग्रजी बोलणारी आपली मुले सवयीने बरोबर लिहितात. का, असे विचारले की त्यांची भंबेरी उडते. शिकणाऱ्याने ‘का’ विचारले म्हणून तर ती व्याकरणाचे पुस्तक उघडू लागली. शिवाय ही देवघेव एकतर्फी नाही, हे पत्रलेखकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. राज्यात २०२० साली झालेल्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. तुमची जी मुले इंग्रजीत अस्खलित बोलतात, त्यांतील काहींची मराठीची वही मी पाहिली आहे. पाहून डोळे पाणावले, आणि ते भक्तीने नव्हे! त्याच खोलीत, त्याच बाकावर, अर्ध्या तासाने पात्रे बदलतात, व ज्यास आपण ‘ती मुले’ म्हणता तो मुलगा शिक्षक होतो. गणिताचे तेच. एका मुलास वर्तुळाचे उदाहरण येत नाही, असा शेरा होता. जोडीदाराने इतकेच सांगितले, “ते त्रिज्या विचारताहेत.” मुलाने उदाहरण तोंडी सोडविले, आणि मग जोडीदाराने तेच त्याच्याकडून शिकून घेतले. गणित येत होते. ‘रेडियस’ येत नव्हते.

संगतीने इंग्रजी बिघडते, या म्हणण्यास मी फारसे महत्त्व देत नाही. मूल चुकीचे ऐकून सुधारते, म्हणजे बरोबर काय ते त्यास ठाऊक आहे. मात्र त्या शब्दांमागे जी भावना आहे तिच्याविषयी बोलणे भाग आहे. या शहरातील मूळच्या मराठीभाषक कॅथोलिक घराण्यांपैकी कित्येकांनी दोन-तीन पिढ्यांत घरची बोली टाकून इंग्रजी धरली. त्यांत पोटाचा प्रश्न होता, मानाचाही होता. मी कोणास नावे ठेवीत नाही. परंतु आजी मराठीत प्रार्थना म्हणते आणि नातवास तिचे उत्तर देता येत नाही, असे घर मी पाहिले आहे. म्हणून, त्या खोलीत केवळ इंग्रजीच बोलावे असा नियम करा, ही जी सूचना दुसऱ्या काही हितचिंतकांकडून आली आहे, ती मी स्वीकारीत नाही. मराठीच्या शिडीवरूनच ही मुले इंग्रजीच्या माळ्यावर चढत आहेत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! त्यांनी मराठी वाक्य आधी लिहिले व मग त्याचे इंग्रजी केले. शिडी काढून घेऊन चढा म्हणणे हा न्याय नव्हे.

एका गोष्टीत मात्र मी विनंतिपत्राहूनही कडक आहे, आणि ती म्हणजे नक्कल. मदत आणि नक्कल यांच्यामधली भिंत फार पातळ असते. माटुंग्याच्या शाळेमुळे ज्यांचे नाव आपल्या घरोघर ठाऊक आहे, ते संत जॉन बॉस्को किएरी गावी विद्यार्थी असता अभ्यासात मागे असलेले सोबती त्यांच्याकडे घरचा अभ्यास उतरून घेण्यास मागत. ते भोळेपणाने देत. गुरुजींस कळले तेव्हा त्यांनी बजावले की, हा परोपकार खोटा आहे, याने त्यांचा आळस वाढतो. मग त्यांनी वही देणे बंद केले आणि जे अडले ते समजावून देणे सुरू केले. सोबती दुरावले नाहीत. उलट वाढले, आणि त्यांचीच पुढे आनंदी मंडळी बनली. हे सारे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. आपल्या खोलीतही परीक्षेच्या दिवसांत वह्या बाकाखालून फिरतात, हे मला ठाऊक आहे. मुलांनो, हसू नका. कोणाकोणाच्या ते मी येथे सांगत नाही, एवढेच.

यास्तव, शाळेच्या मुख्याध्यापिका व शिक्षकवर्ग यांच्याशी विचारविनिमय करून मी पुढीलप्रमाणे ठरविले आहे. खोली बंद होणार नाही. दहावीत असलेल्या मुलांस शिकविण्याच्या कामातून नाताळच्या सुटीपासून मोकळीक राहील; ज्यास आपखुशीने यावयाचे असेल त्याने आईबापांची संमती आणावी. त्यांची जागा आठवीच्या मुलांनी घ्यावी. कोणीही कोणास आपली लिहिलेली वही देणार नाही. पाटी ठेविली आहे, तीवर लिहून दाखवावे व पुसून टाकावे. अर्धा वेळ इंग्रजी, अर्धा वेळ मराठी अथवा गणित, आणि पात्रे बदलतील. आठवड्यातून एकदा एक शिक्षिका येऊन, मुलांनी एकमेकांस जे चुकीचे शिकविले असेल ते दुरुस्त करतील. कारण त्या इक्केरीच्या मुलांचे उत्तर कितीही चांगले असले तरी, चौघेही एकदम चुकल्याचे मी या खोलीत दोनदा पाहिले आहे.

ज्या मातेने आपल्या मुलास पाठविणे बंद केले, तिच्या घरी मी काल जाऊन आलो. मुलगा उद्यापासून येणार आहे. विनंतिपत्रावर सह्या करणाऱ्या पालकांसही माझी विनंती आहे की, त्यांनी कोणत्याही एका सायंकाळी येऊन मागल्या बाकावर अर्धा तास बसावे. बोलू नये, केवळ ऐकावे, आणि मग वाटल्यास पुन्हा पत्र लिहावे.

शेवटी एक मागणे. खोलीत इंग्रजी-मराठी कोश एकच आहे व त्याची ‘एस’नंतरची पाने सुटली आहेत. कोणाच्या घरी जुना कोश, तर्खडकरांचे भाग अथवा मागील इयत्तांची बालभारतीची पुस्तके पडून असतील, तर ती रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दारापाशी ठेविलेल्या खोक्यात टाकावीत. पुठ्ठा घालण्याचे काम मुलींनी पत्करले आहे. कपाटाची किल्ली आठवीच्या वर्गप्रमुखाकडे राहील.